आरसा पुसू का?

"शटर एरर. कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करा." ही अक्षरं माझ्या नव्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पहिल्यांदा उमटली, तेव्हा माझ्यापुढे एक पाळणा होता, पाळण्यात बाळ होतं, भोवती पंधरा-वीस बायका होत्या आणि बाळाच्या आत्याचं तोंड बाळाच्या कानाशी होतं. बारशात हा क्षण एकदाच येतो. आत्या कानात नाव सांगते, बायका हौसेनं तिच्या पाठीत धपाटे घालतात आणि फोटोग्राफरनं तेवढ्यात हात उरकायचा असतो. मी बटण दाबलं. एकदा खट् झालं, दुसऱ्यांदा अर्धंच झालं आणि पडदा काळा होऊन वरची सूचना आली.

मी कॅमेऱ्याचं मुकाट्यानं ऐकलं. बंद केला, सुरू केला. तोवर बाळाला नाव मिळालं होतं आणि बायका घुगऱ्यांकडे वळल्या होत्या. मी आत्याला म्हटलं, ताई, पुन्हा एकदा वाका की. ती वाकली. पुन्हा एरर आली. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा फोटो निघाला, पण धपाटे घालणाऱ्यांना तोवर चांगला सराव झाला होता. त्या फोटोत आत्या बाळाकडे न बघता माझ्याकडे बघते आहे. फोटो अगदी स्पष्ट आलाय, तिच्या मनात काय होतं तेसुद्धा.

मी सोलापुरात फोटो स्टुडिओ चालवते. स्टुडिओ माझ्या सासऱ्यांचा. मी त्यांना मामा म्हणते. माझ्या नवऱ्याला फोटोत यायला आवडतं, काढायला नाही, म्हणून तो शाळेत गणित शिकवतो आणि दुकान सुनेकडे आलं. मी मोहोळची. लग्नाआधी कॅमेऱ्याशी माझा संबंध ओळखपत्रापुरता. जे काही येतं ते मामांनी शिकवलं. पहिल्या दिवशी मी हौसेनं त्यांच्या कॅमेऱ्याकडे हात नेला, तर त्यांनी मला दोन्ही हात पाठीमागे धरायला लावले. म्हणाले, "दुकानात एकच कायदा हाय. आदी इचारायचं, मग हात लावायचा." पुढचे पंधरा दिवस मी हात पाठीमागे धरून त्यांच्या मागं उभी होते. गिऱ्हाइकांना वाटायचं, सून रुसलीय.

तो कायदा त्यांनी सगळ्यांना लावला. जाहिरातीचा कागद चिकटवायला आलेला माणूस, लाइटचा मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना. स्वतःलाही लावला, हे मला फार उशिरा कळलं.

सासूबाई गेल्यावर मामांनी दुकान सोडलं. त्याआधीच डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, हाताला कंप होता, फोटो काढणं थांबलंच होतं. पण तरी ते येऊन गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसायचे आणि माझ्या लायटिंगला नावं ठेवायचे. त्या गेल्यावर तेही बंद झालं. दिवसभर घरात बसायचे. समोर टीव्ही सुरू असायचा आणि ते टीव्हीच्या वरच्या भिंतीकडे बघत असायचे. जेवायला बोलावलं तर यायचे, नाही बोलावलं तर यायचे नाहीत. मला त्यांची भीती वाटायला लागली होती. म्हणजे त्यांची नाही, त्यांच्या गप्प बसण्याची.

म्हणून मी एक डाव टाकला. एका दुपारी घरी येऊन मुद्दाम तक्रार केली, की मामा, कॅमेरे पुसायला मला वेळच मिळत नाही, धूळ बसत चाललीय. मामांनी भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. "धूळ? कॅमेऱ्यावर?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ते दुकानात हजर. त्या दिवसापासून रोज. संध्याकाळची अंघोळ करायची, लिंगपूजा करायची, कपाळावर आणि दोन्ही हातांवर विभूतीचे तीन-तीन पट्टे ओढायचे, स्वच्छ पांढरा सदरा घालायचा आणि दुकानात येऊन कॅमेरे पुसायचे. हवा मारायचा एक रबरी फुगा, एक मऊ ब्रश आणि जुन्या धोतराचा धुवून-धुवून लोण्यासारखा झालेला तुकडा, एवढी त्यांची हत्यारं. पुसताना ते कॅमेऱ्याशी कानडीत बोलायचे. मामांचं मूळ गाव दुधनीकडचं. माणसांशी मराठी आणि कॅमेऱ्याशी कानडी अशी त्यांनी वाटणी केलेली होती. मला कानडी येत नाही, त्यामुळे ते कॅमेऱ्याजवळ माझ्याविषयी काय बोलतात ते मला कधी कळलं नाही, आणि बरंच झालं.

ते येऊन बसले की दुकान भरल्यासारखं वाटायचं. रात्री नीट जेवायला लागले. नवरा म्हणाला, बाबा सुधारले. मी मनाशी ठरवून टाकलं होतं: काही झालं तरी मामांचं हे सहाचं येणं मोडू द्यायचं नाही.

आणि मग मी तो नवा, मिररलेस कॅमेरा घेतला.

जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागं एक छोटा आरसा असतो. लेन्स काढली की तो समोर दिसतो, आणि मामांनी जन्मभर तो फुंकला, झटकला, पुसला. नव्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. लेन्स काढली की फोटो टिपणारी काच थेट उघडी पडते. सोलापूरच्या धुळीत ती उघडी ठेवणं म्हणजे जेवणाचं ताट रस्त्यात ठेवणं. म्हणून मी पहिल्याच दिवशी हुशारी केली. सेटिंगमध्ये जाऊन सांगून ठेवलं, की बंद झालास की शटर मिटून घे. आता लेन्स काढली की काचेसमोर शटरच्या काळ्या, चकचकीत, कागदाहून पातळ पात्या मिटलेल्या दिसायच्या. मला माझंच कौतुक वाटलं. घरात कोणी विचारलं असतं तर समजावूनही सांगितलं असतं.

त्या संध्याकाळी मामांनी नवा कॅमेरा मांडीवर घेतला. मी पाठमोरी बसून कॉम्प्युटरवर एका नवरदेवाच्या चेहऱ्यावरचे मुरूम घालवत होते. मागून मामांनी काहीतरी विचारलं. मी "हं" म्हटलं. माझं हे "हं" घरात प्रसिद्ध आहे. नवरा म्हणतो, तुझ्या पाठीला काहीही विचारावं, उत्तर होकारार्थीच येतं.

बारशानंतर पाच दिवसांनी दुसरी एरर आली, मग दोन दिवसांनी तिसरी. मी उपचार सुरू केले. बॅटरी काढून घातली. लेन्सच्या मागच्या सोनेरी टिकल्या खोडरबरानं घासल्या. मेमरी कार्ड बदललं. सगळं सेटिंग पुसून कॅमेरा जन्माला आला तसा केला, आणि मग आठवणीनं ते शटर मिटण्याचं सेटिंग पुन्हा घातलं, कारण मी हुशार. इंटरनेटवर एका गृहस्थानं सांगितलं होतं, की कॅमेरा हळूच तळहातावर आपटावा. तोही प्रयोग केला. मामांनी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. म्हणाले, "पोराला मारत्यात का असं?"

मी एक वही केली. त्यात एरर कधी आली, कुठे आली, ऊन किती होतं, लेन्स कोणती होती, सगळं लिहायचे. नवरा म्हणाला, ही वही मला वर्गात दाखवायची आहे, मुलांना निरीक्षण म्हणजे काय ते कळेल. वहीवरून एवढंच कळलं, की एरर बहुतेक सकाळच्या पहिल्या कामाला येते आणि दुपारपर्यंत जरा बरी होते. म्हणजे कॅमेऱ्यालाही सकाळी उठवत नाही. तेवढ्या बाबतीत तो आमच्या घरातलाच झाला होता.

मग मला आवाज न करता फोटो काढायची सोय सापडली. त्यात शटरच्या पात्या हलतच नाहीत. पात्या नाहीत, तर एरर नाही. मी उड्या मारायचीच बाकी होते. पूर्व भागातल्या एका विणकर घरात साखरपुडा होता, तिथं गेले. अख्खं कुटुंब ओळीत बसवलं, मध्ये आजी. मी फोटो काढला. कोणी हललं नाही. मी दुसरा काढला. तरी हलेनात. सगळे श्वास रोखून बसलेले. शेवटी आजीनं तेलुगूत विचारलं, "अयिंदा?" झालं का? मी म्हटलं, आजी, चार झाले. तिचा काही विश्वास बसेना. आवाज आला नाही, तर फोटो कसा झाला? शेवटी मी प्रत्येक फोटोच्या वेळी तोंडानं "खट्" म्हणायला लागले. त्यावर सगळे इतके हसले, की फोटो फार छान आले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघितले, तर हॉलमधल्या एलईडी दिव्यांमुळे सगळ्यांच्या अंगावरून चादरीसारखे आडवे पट्टे गेलेले.

मामांना दाखवले. त्यांनी चष्मा वर-खाली केला. "आवाज न्हाय तर फोटू कसला? आन् हे पट्टं कशाचं? चादरीच्या दुकानात काढल्यागत." मी निमूटपणे पात्या पुन्हा सुरू केल्या.

त्यानंतर मामा आठवडाभर दुधनीला गेले, थोरल्या बहिणीकडे. त्याच सोमवारी मी कंपनीनं दिलेलं नवं सॉफ्टवेअर कॅमेऱ्यात भरलं. आणि काय सांगू, अख्खा आठवडा एकही एरर नाही. दोन डोहाळजेवणं, एक मुंज, एका बाळाचा पहिला वाढदिवस. कॅमेरा शहाण्यासारखा वागला. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: सॉफ्टवेअरनं काम झालं. खाली दोन रेघा ओढल्या. नवऱ्याला पेढे आणायला लावले. मामा रविवारी परत आले, त्यांनाही पेढा दिला. त्यांनी तो खाल्ला, हात धुतले, पूजा केली, पट्टे ओढले आणि सहाला दुकानात येऊन कॅमेरा मांडीवर घेतला.

सोमवारी सकाळी एरर आली.

मी वही उघडून बसले. आठवडाभर काय वेगळं होतं? सॉफ्टवेअर तर आजही तेच होतं. मग उत्तर माझ्यापुढे आलं आणि मला ते नको होतं. मी वही मिटली. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच कॉम्प्युटरकडे तोंड न करता मामांकडे बघत बसले. त्यांनी लेन्स काढली. फुग्यानं हवा मारली. मग धोतराचा तो तुकडा बोटाला गुंडाळला, आणि त्या मिटलेल्या काळ्या पात्यांवरून, ज्यांना कारखान्यातला माणूसही हात लावत नसेल, हळूहळू, प्रेमानं बोट फिरवायला लागले. मध्येच कॅमेरा उजेडात धरून बघायचे, मान हलवायचे, कानडीत काहीतरी पुटपुटायचे आणि पुन्हा पुसायचे. हातावरच्या पट्ट्यांची सुकलेली विभूती त्या तुकड्यावर, तुकड्यावरून पात्यांवर जात होती. आरसा काळा पडलाय असं समजून ते महिनाभर तो उजळवत होते.

काय सांगणार? मामा, कॅमेरा तुम्हीच बिघडवताय? ते उद्यापासून आले नसते. पुन्हा ती भिंत आणि तो टीव्ही. मी म्हटलं, "मामा, चहा घेणार?" ते म्हणाले, "झाल्यावर." म्हणजे पुसून झाल्यावर.

दोन दिवसांनी कॅमेऱ्यानं माझा प्रश्न सोडवला. तो कायमचा बंद पडला. पुण्याला दुरुस्तीला न्यायचं ठरलं. मी गुपचूप एकटी जाऊन येणार होते, तर मामा सदरा घालून दारात उभे. "मी येतो. चाळीस वर्सं कॅमेरं बघितलेत. काय आजार हाय ते मला कळू दे." मी सतरा कारणं सांगितली. ऊन, गर्दी, गुडघे. ते माझ्या पुढे एसटीत जाऊन बसले आणि माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली.

दुरुस्तीवाले गृहस्थ टेबलावर उजेडाखाली काम करत होते. डोळ्याला भिंग. त्यांनी आमचा कॅमेरा उघडला, पात्यांची ती छोटी चौकट बाहेर काढली, चिमट्यानं उचलून बघितली. एक पाती वाकलेली होती. त्यांनी चौकट एका काळ्या कागदावर हळूच ठोकली. कागदावर पांढरी पूड पडली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"टाल्कम पावडर," मी इतक्या घाईनं म्हटलं, की त्यांनी भिंग काढून माझ्याकडे बघितलं. "मी लहान बाळांचे फोटो काढते ना. बाळांना पावडर लावतात. खूप लावतात. आमच्याकडे जरा जास्तच लावतात."

मामा पुढे झाले. कागदावरची पूड त्यांनी बोटाच्या टोकावर घेतली. अंगठ्यानं चोळली. नाकाशी नेली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"पावडर न्हवं," ते म्हणाले. "पावडर बोटावर घसरती. ही धरती. इबूती हाय ही." आणि सवयीनं त्यांनी ते बोट कपाळाला लावलं.

गृहस्थांना आधी कळेना. मग त्यांनी मामांच्या कपाळाकडे बघितलं, हातांकडे बघितलं, आणि हसले. वाईट हसू नव्हतं, पण हसलेच. "आजोबा, तुम्ही पुसत होता की काय हे? अहो, आरसा नाहीये हा. या कॅमेऱ्यात आरसा नसतोच. हे शटर आहे. याला वाराही जोरात घालायचा नसतो. तुम्हाला पुसायला सांगितलं कोणी?"

मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग टेबलाकडे.

"कुनी न्हाय," ते म्हणाले. "माझं मीच."

आम्ही परतीची एसटी धरली. कॅमेरा पुण्यातच ठेवला होता, नव्या पात्या यायला आठवडा लागणार होता. रिकामी बॅग त्यांच्या मांडीवर होती आणि दोन्ही हात त्या बॅगेखाली. मी शेंगदाणे दिले, नको म्हणाले. पाणी दिलं, नको म्हणाले. मोडनिंबला गाडी चहाला थांबली तेव्हा खाली उतरलो. चहा समोर आला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"उद्यापास्नं मी येत न्हाय दुकानात," ते म्हणाले. "आदी डोळं गेलं. मग हात गेला. आता अक्कल बी गेली. लोकाच्या बारशात तुला तोंडघशी पाडलं मी."

त्यांचा आवाज इतका साधा होता, की मला रडू आलं. मी घाईघाईनं सांगायला लागले, की मामा, तुम्हाला कसं कळणार, बाहेरून दिसायला आरशासारखंच दिसतं, आणि तुम्ही काही मुद्दाम... आणि बोलता बोलता माझी जीभ अडखळली. कारण मला ती पहिली संध्याकाळ आठवली. कॉम्प्युटरवरचा नवरदेव आठवला, त्याचे मुरूम आठवले आणि माझ्या पाठीमागून आलेले शब्द आठवले. मी ऐकले नव्हते असं मला वाटत होतं. कान मात्र ऐकत असतात. "हेचा आरसा लई काळा हाय. पुसू का?"

आणि मी म्हटलं होतं, हं.

"मामा," मी म्हटलं, "तुमी इचारलं होतं."

ते चहाकडे बघत राहिले.

"पहिल्याच दिवशी इचारलं होतं. आरसा पुसू का म्हणून. मी हं म्हटलं. वळून बी बघितलं न्हाय."

"व्हय," मामा म्हणाले. "इचारलं होतं की. इचारल्याबिगर मी कुनाच्या वस्तूला हात लावतो व्हय?"

"मग तिथं का न्हाय बोलला? त्यो मानूस हसला तुमाला. कुनी सांगितलं म्हणाला तर सरळ माझ्याकडं बोट दाखवायचं."

त्यांनी आता कप उचलला. दुसऱ्या हातानं बशीचा आधार दिला. "परक्या मानसासमोर सुनंला खाली बघाय लावू? तू चालवतीस दुकान. तुझ्या नावानं लोक येत्यात." एक घोट घेतला. "आन् तू पावडर पावडर कशाला करत हुतीस? तुला ठावं हुतं न्हवं?"

आमच्या दोघांच्या खोट्यांपैकी माझं खोटं जास्त वाईट होतं, हे मला तिथं कळलं. मी त्यांना सांभाळत होते, म्हणजे त्यांना समजणार नाही असं धरून चालत होते. मिररलेस म्हणजे काय हे मी त्यांना दोन मिनिटांत सांगू शकले असते. ज्या माणसानं मला लेन्स धरायला शिकवली त्याला मी नवा कॅमेरा नुसता मांडीवर दिला होता, लहान मुलाला खेळणं द्यावं तसा. मला माझी लाज वाटली आणि ते मी त्यांना सांगितलं, जसं जमलं तसं, मोडनिंबच्या त्या टपरीवर, कंडक्टर शिट्टी मारत असताना.

मामा म्हणाले, "चल, गाडी जाईल."

दुसऱ्या दिवशी सहाला ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. नवरा म्हणाला, टीव्ही लावून बसलेत. मी विचारलं, नजर कुठं आहे? तो म्हणाला, म्हणजे? मी म्हटलं, काही नाही. सहा वाजले की दुकानातली ती खुर्ची मला बघवायची नाही. मी तिच्यावर अल्बमचे गठ्ठे ठेवले, मग तेही बरं दिसेना म्हणून काढले.

आठवड्यानं पुण्याहून खोकं आलं. दुपारची वेळ होती. मी कात्री हातात घेतली आणि थांबले. घरी फोन लावला. मामांनीच उचलला.

"मामा, कॅमेरा आलाय," मी म्हटलं. "खोकं उघडू का?"

मागं टीव्हीवर कोणीतरी वांग्याची भाजी शिकवत होतं.

"नगं," मामा म्हणाले. "थांब. मी आलो."

ते आले तेव्हा कपाळ कोरं होतं. बाही कोपरापर्यंत दुमडलेली, हात साबणानं धुतलेले, बोटांच्या टोकांना अजून सुरकुत्या. पूजा घरी गेल्यावर करणार म्हणाले. देव समजून घेईल, पाती घेणार न्हाय, असंही म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून खोकं उघडलं. मी लेन्स काढून त्यांना सगळं दाखवलं: ही काच, हे शटर, इथं पूर्वी आरसा असायचा, आता नाही. त्यांनी चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून बघितलं. चार प्रश्न विचारले, त्यातल्या दोनांची उत्तरं मला आली नाहीत. ती मी शोधून सांगते म्हटलं. ते खूश झाले. मला काही येत नाही म्हटल्यावर ते नेहमीच खूश होतात.

मग गिऱ्हाईक आलं, पासपोर्टचे फोटो झाले, मी कॉम्प्युटरकडे वळले. एका माणसाच्या कॉलरवरचा डाग घालवत होते. मागून मामांचा आवाज आला.

"हात लावू का?"

"हं," मी म्हटलं.

मागं काहीच हालचाल नाही. फुग्याचा आवाज नाही, कापडाचा नाही, कानडी नाही. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं. मी माऊस सोडला आणि खुर्ची पूर्ण फिरवली. मामा कॅमेऱ्यासमोर उभे होते, दोन्ही हात पाठीमागे धरून, मी पहिल्या दिवशी उभी होते तसे.

"लावा, मामा," मी त्यांच्याकडे बघून म्हटलं. "भायेरनं पुसा. आत आरसा न्हाय."

"हां," ते म्हणाले आणि खुर्चीत बसून कॅमेरा मांडीवर घेतला. "आता ऐकलंस."